नारिंगी डबीची शिकवणी

आमच्या घरात साखर ही कित्येक वर्षं संशयित आरोपी होती. बायकोला मधुमेह, तोही पन्नाशीनंतर आलेला, गोळ्यांवर भागणारा. चहात साखर कोणी घातली, लाडवांचा डबा उघडा कोणी ठेवला, पाडव्याला श्रीखंडाची दुसरी वाटी कोणी घेतली, याची चौकशी कायम चालू. मी पाटबंधारे खात्यात हिशेबनीस म्हणून उभी हयात काढलेली, तेव्हा चौकशी अधिकारी अर्थातच मी. मधुमेहात रक्तातली साखर वाढते आणि आपण ती खाली आणायची, एवढ्या ज्ञानावर आमचं बरं चाललं होतं.

मग आठ वर्षांच्या नातीला, सईला, मधुमेह निघाला. टाइप वन. तिच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी तिच्याच शरीराच्या संरक्षक यंत्रणेने मारून टाकल्या होत्या. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही, हे डॉक्टर मॅडमनी पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण मी पुन्हा पुन्हा विचारत होतो. लेक आणि जावई दोघंही नोकरीवर, म्हणून आम्ही कराडच्या घराला कुलूप घालून पुण्याला आलो. शाळा सुटल्यापासून तिची आई घरी येईपर्यंत सई आमच्या ताब्यात.

इन्सुलिन शिकायला वेळ लागला, पण शिकलो. बोटाला टोचून साखर बघणं, पोळीत किती कर्बोदकं, भातात किती, त्याला किती युनिट. हिशेबाचं काम, ते मला जमण्यासारखं. जरा हात बसतोय असं वाटू लागलं, तोच एका तपासणीला मॅडम म्हणाल्या, “आजोबा, आता ग्लुकागॉन शिकून घ्या.”

मला वाटलं, इन्सुलिनचाच कुठला तरी नवा प्रकार असेल. विचारलं, “म्हणजे साखर आणखी कमी करायला?”

“नाही, वाढवायला.”

मी बायकोकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांच्या बिनसाखरेच्या चहाचा सगळा हिशेब दिसत होता. “मधुमेहाच्या पोरीला साखर वाढवायचं इंजेक्शन?” ती म्हणाली. “मग माझ्या श्रीखंडाने काय घोडं मारलं होतं?”

मॅडमनी कागद ओढला आणि स्वादुपिंडाचं चित्र काढलं. त्यात बेटांसारखे पेशींचे पुंजके असतात. त्याच पुंजक्यांत बीटा पेशींच्या शेजारी अल्फा पेशी राहतात. बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, अल्फा पेशी ग्लुकागॉन. एकाने साखर खाली येते, दुसऱ्याने वर जाते. तुम्ही-आम्ही रात्रभर काही न खाता झोपतो तरी सकाळी जिवंत उठतो, ते यामुळे. रक्तातली साखर उतरायला लागली की इन्सुलिन हात आखडता घेतं आणि ग्लुकागॉन यकृताकडे निरोप धाडतं. यकृतात ग्लायकोजेन नावाने साठवलेली साखर असते. ती फोडून यकृत रक्तात ग्लुकोज सोडतं.

हे मला खात्याच्या भाषेत लगेच कळलं. यकृत हे धरण, ग्लायकोजेन हा पाणीसाठा आणि ग्लुकागॉन म्हणजे दरवाजे उघडायचा हुकूम. मॅडमना ही उपमा फारच आवडली. “मग हेही लक्षात ठेवा,” त्या म्हणाल्या, “धरणात पाणी नसेल तर हुकूम कितीही काढा, कालव्यात थेंब येणार नाही.” म्हणजे मूल बराच वेळ उपाशी असेल, दिवसभर उलट्या होऊन पोटात काही टिकलं नसेल, किंवा मोठ्या माणसाने रिकाम्या पोटी दारू ढोसली असेल, तर ग्लुकागॉन टोचूनही साखर म्हणावी तशी वाढत नाही. बायको आषाढी-कार्तिकीला निर्जळी करायची. तिने तिथल्या तिथे विचारलं, “आणि एकादशी?” मॅडम म्हणाल्या, “सईला निर्जळी नाही. तुम्हालाही नाही, पण ते नंतर बोलू.”

अडचण कुठे येते? सईचं इन्सुलिन बाहेरून टोचलेलं. एकदा आत गेलं की गेलं. ती नंतर मैदानावर अर्धा तास जास्त खेळली, किंवा डब्यातली पोळी मैत्रिणीला देऊन आली, हे त्या इन्सुलिनला कळत नाही. ते आपलं काम करतच राहतं आणि साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते. आमची सई आधी चिडते. विनाकारण “आजोबा, तुम्ही बोलू नका” म्हणाली की मी ग्लुकोमीटर काढतो. अशा वेळी पाण्यात कालवलेलं ग्लुकोज द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचून बघायचं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

पण साखर फारच खाली गेली तर मूल बेशुद्ध पडतं, फिट येऊ शकते. तेव्हा तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, कारण ते श्वासनलिकेत जाण्याची भीती. ग्लुकागॉन ठेवायचं ते या घडीसाठी.

इथे माझं डोकं खरं चक्रावलं. आजवर जी औषधं घरात आली ती ज्याची त्याने घ्यायची. बायकोच्या गोळ्या बायकोने, माझ्या रक्तदाबाच्या मी, विसरलो तर बोलणी खायची. हे औषध ज्याला लागतं त्याला ते लागतं त्या क्षणी घेताच येत नाही. सईच्या नावावर चिठ्ठी, सईच्या नावावर बिल, पण शिकायचं बाकीच्यांनी. मधुमेहाच्या माहितीपत्रकांत रोग्याने काय खावं, किती चालावं, पाय कसे जपावेत यावर पानंच्या पानं असतात. शेजारी बसलेल्या माणसाने काय करावं, यावर दोन ओळी मिळाल्या तर नशीब.

त्यात वाईट भाग असा, की टाइप वनमध्ये फक्त बीटा पेशीच जातात, अल्फा पेशी शाबूत राहतात, पण आजार जुना होऊ लागला की त्या साखर कमी झाल्यावर जागच्या हलत नाहीत. ग्लुकागॉन असतं, पण हवं तेव्हा सुटत नाही. हे १९७३ सालापासून माहीत आहे. पुन्हा पुन्हा साखर खाली जात राहिली तर घाम, थरथर या खुणाही बोथट होतात आणि माणसाला आपली साखर उतरते आहे हेच कळेनासं होतं. तेव्हा जुन्या रोग्याला याची गरज नसते, हा समज उलटा आहे.

चिठ्ठी घेऊन मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि इन्सुलिनचं खोकं पुढे केलं. मी म्हटलं, हे नव्हे, याच्या उलटं. “याच्या उलटं काय असतं?” त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. महिन्यापूर्वी मीही तोच विचारला असता. पुढच्या दुकानात ‘मागवावं लागेल’, त्याच्या पुढच्यात ‘आम्ही ठेवत नाही, कोणी घेत नाही, मुदत संपून जाते’. त्यांचंही खोटं नाही. पण दुकानदार ठेवत नाही म्हणून लोक मागत नाहीत आणि लोक मागत नाहीत म्हणून दुकानदार ठेवत नाही, या चक्रात पोरीचा जीव आहे, हे कोणाला सांगणार? शेवटी मोठ्या रुग्णालयाच्या औषधालयातून मागवून मिळालं. स्वस्त नव्हतं. आणि इन्सुलिनसारखं रोज उपयोगी पडणारंही नाही. देवाच्या दयेने न वापरताच फेकायचं, यासाठी पैसे मोजायचे. हिशेबनिसाच्या जिवाला हे लागतं.

ती नारिंगी डबी. प्लास्टिकची, चष्म्याच्या घरासारखी लांबट. आत एक छोटी कुपी, तिच्या तळाशी पांढरी भुकटी, आणि शेजारी पाणी भरलेली सिरिंज. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्रं. दवाखान्यातल्या डायबेटिस एज्युकेटर ताईंनी मुदत संपलेली एक डबी सरावासाठी ठेवली होती. टेबलावर मोसंबं ठेवलं आणि म्हणाल्या, “ही सई. बेशुद्ध आहे. करा.”

कुपीवरचं प्लास्टिकचं टोपण अंगठ्याने उडवायचं. सिरिंजच्या सुईवरचं आवरण काढायचं. सुई कुपीच्या रबरात सरळ घुसवून सगळं पाणी आत सोडायचं. सुई बाहेर न काढता कुपी हलकेच फिरवायची. खसाखसा घुसळायची नाही, फेस होतो. भुकटी विरघळून पाणी नितळ झालं पाहिजे, गढूळ राहिलं तर वापरायचं नाही. मग कुपी उलटी धरून औषध पुन्हा सिरिंजमध्ये ओढायचं, बुडबुडे काढायचे आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं. हे लिहायला सोपं आहे. माझ्या हाताला मोसंब्यासमोरही कंप सुटला, आणि भुकटी कडेला चिकटून बसली तेव्हा कुपी किती वेळ फिरवायची हे कळेना. ताई घड्याळ बघत होत्या. त्या म्हणाल्या, “काका, खऱ्या वेळी हात याहून जास्त कापणार. म्हणून आत्ताच कापू द्या.” नंतर लेकीने केलं, जावयाने केलं, आणि सगळ्यांत सफाईने केलं ते बायकोने, भाजी निवडावी इतक्या शांतपणे. मोसंबं कुणी खाल्लं नाही.

मोठ्या माणसाला आणि २५ किलोवरच्या मुलाला पूर्ण १ मिलिग्रॅम, त्याखालच्या मुलाला अर्धं, असं मॅडमनी सांगितलं आहे. सईचं वजन या रेषेच्या जरा अलीकडे. डबीवर मार्करने ‘अर्धं’ असं लिहून ठेवलं आहे आणि प्रत्येक तपासणीला वजन बघून ते पुसायचं की नाही हे मॅडम ठरवतात. टोचून झालं की मुलाला कुशीवर वळवायचं, कारण या औषधाने मळमळ होते, उलटी होऊ शकते, आणि उताण्या माणसाची उलटी घशात अडकते. लगोलग १०८ ला फोन. दहा-पंधरा मिनिटांत मूल शुद्धीवर यावं. आलं की आधी गोड, मग पोटभर काहीतरी खायला द्यायचं, म्हणजे यकृतातला साठा भरून निघेल. नाहीच आलं तर रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज, दुसरा मार्ग नाही.

भुकटी आणि पाणी वेगळं का, तयार औषध का भरून देत नाहीत, हा प्रश्न मी ताईंना विचारला. ग्लुकागॉनचा रेणू पाण्यात फार काळ धड राहत नाही. रेणू एकमेकांना चिकटून तंतू होतात आणि औषध वाया जातं. म्हणून १९६० साली अमेरिकेत याला परवानगी मिळाल्यापासून जवळजवळ साठ वर्षं सगळ्या जगाने घाबरलेल्या हातांनी ही भुकटी पाण्यात कालवली. २०१९ मध्ये तिथे दोन सुटका झाल्या. एक, पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावणात टिकणारं तयार इंजेक्शन. आणि दुसरं, नाकात फवारायची ३ मिलिग्रॅमची कोरडी भुकटी. फवाऱ्याला सुई नाही आणि बेशुद्ध माणसाने श्वास ओढायचीही गरज नाही. २०२१ मध्ये पाण्यात टिकेल असा बदललेला रेणूही आला. माझा भाचा न्यू जर्सीत असतो, तो म्हणाला, “मामा, इकडे शाळेतल्या नर्सकडे फवाराच असतो.” आम्ही मात्र आमची कुपी फिरवतोय.

बायकोची शंका वेगळीच. ती माळकरी. “हे कुठल्या प्राण्याचं आहे का?” पूर्वी होतं, गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. आता यीस्ट किंवा जिवाणूंमध्ये माणसाचं जनुक घालून तयार करतात. तिने हात जोडले, कोणाला ते कळलं नाही.

याचा शोध कसा लागला, हे वाचताना मला जरा वाईटच वाटलं. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन काढलं, आणि जो तो स्वादुपिंडाचे अर्क काढायला लागला. काही अर्कांनी साखर खाली जायच्या आधी थोडी वर उसळायची. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात किंबॉल आणि मर्लिन यांनी ही उसळी मारणारा पदार्थ वेगळा आहे असं दाखवलं आणि त्याला ग्लुकागॉन नाव दिलं. त्याच वर्षी इन्सुलिनला नोबेल मिळालं. ग्लुकागॉनकडे मात्र पुढे पंचवीसेक वर्षं इन्सुलिनमधली भेसळ म्हणूनच बघितलं गेलं. १९४८ मध्ये सदरलँड आणि द दुव्ह यांनी ते अल्फा पेशींतून येत असावं असं दाखवलं, १९५३ मध्ये लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याचे स्फटिक मिळवले, १९५७ मध्ये त्याची २९ अमिनो आम्लांची साखळी कळली आणि १९५९ मध्ये रॉजर उंगर यांनी ते रक्तात मोजायची पद्धत काढली. खात्यात असे काही लोक असतात. नाव कधी अहवालात येत नाही, आणि रजेवर गेले की सगळं अडतं. असो.

एका रात्री मोबाइलवर वाचताना माझी झोप उडाली. ग्लुकागॉन म्हणे ‘बीटा ब्लॉकर’ गोळ्यांवर उतारा म्हणून देतात. मी रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतो, ती त्याच जातीची. सकाळी मॅडमना फोन केला. त्या आधी हसल्या. बीटा ब्लॉकर प्रमाणाबाहेर पोटात गेले, अपघाताने किंवा कुणी जिवाचं बरंवाईट करायला घेतले, तर हृदयाची गती आणि जोर दोन्ही धोक्याइतके खाली जातात. अ‍ॅड्रेनलिन ज्या रिसेप्टरवर काम करतं तेच गोळीने अडवलेले असतात. हृदयाच्या पेशीवर ग्लुकागॉनचे स्वतःचे वेगळे रिसेप्टर आहेत. तिथून ते पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढवतं आणि हृदय पुन्हा जोर धरतं. हाच निरोप्या सदरलँड यांनी यकृतावर ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम तपासताना शोधला आणि त्याबद्दल त्यांना १९७१ चं नोबेल मिळालं. म्हणजे भेसळीने शेवटी कोणाला तरी नोबेल मिळवून दिलंच. पण हा उपचार अतिदक्षता विभागातला. सुरुवातीलाच ५ ते १० मिलिग्रॅम शिरेतून, नंतर चालू ठिबक. “तुमच्या डबीत १ मिलिग्रॅम आहे,” मॅडम म्हणाल्या, “ती सईची. तुम्ही तुमची गोळी वेळेवर आणि एकच घ्या.”

याचे आणखी उपयोग आहेत. आतड्यांची हालचाल ते थोडा वेळ थांबवतं, म्हणून पोटाचा एमआरआय, बेरियम तपासणी किंवा दुर्बिणीने तपासणी करताना देतात. ब्युस्कोपॅनसारखं औषध जिथे मिळतं तिथे बहुधा तेच वापरतात. उंची खुंटलेल्या मुलांत वाढीचं संप्रेरक सुटतं का हे बघायच्या चाचणीतही ते टोचतात. मला यातलं फार कळलं नाही आणि कळून घ्यायची गरजही पडली नाही.

बायकोचं प्रकरण मात्र कळून घ्यावं लागलं. घरात डबी आहेच, तिचीही साखर कधी कधी उतरते, मग तिला का नको? ती ग्लिमेपिराइड घेते. ही गोळी तिच्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ग्लुकागॉनही बीटा पेशींना इन्सुलिन सोडायला उत्तेजन देतं. सईच्या बीटा पेशीच नाहीत, तिथे हा प्रश्न येत नाही. बायकोच्या आहेत. त्यामुळे तिची साखर वर जाऊन पुन्हा खाली बसण्याचा धोका, शिवाय गोळीचा अंमल कितीतरी तास चालतो. तिच्यासाठी शुद्धीत असेतो साखर, आणि शुद्ध हरपली तर थेट रुग्णालय आणि शिरेतून ग्लुकोज. बरं वाटलं तरी लगेच घरी सोडत नाहीत. एका घरात दोघींना एकच आजार म्हणावा, तर दोघींचे नियम वेगळे. मी भिंतीवर दोन वेगळे कागद चिकटवले आहेत. निर्जळीचं बोलणंही त्याच दिवशी झालं. आता एकादशीला बायको वरई खाते आणि गोळीचं मॅडमना विचारून ठरवते.

डबी पूर्ण वापरायची वेळ आजवर आलेली नाही. पण उघडायची आली. सईने दुपारी जेवणाआधी इन्सुलिन घेतलं, जेवली, आणि थोड्या वेळात सगळं उलटून पडलं. पोट बिघडलं होतं. ग्लुकोजचं पाणी दिलं, तेही बाहेर. साखर ८०, मग ६२. ती शुद्धीत होती, बोलत होती, पण पोटात काही टिकेना आणि इन्सुलिन तर आत गेलेलं. लेक ऑफिसातून निघून रहदारीत अडकलेली. मी मॅडमना फोन लावला.

“डबी उघडा. पण पूर्ण नाही द्यायचं. घरात इन्सुलिनची सिरिंज आहे ना? टोपण कोणत्या रंगाचं?”

घरात दोन पाकिटं होती, एकात लाल टोपणांच्या सिरिंज, एकात नारिंगी. आपल्याकडे ४० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज लाल टोपणाची आणि १०० युनिटची नारिंगी. “लाल बाजूला ठेवा, ती हातातही घेऊ नका,” मॅडम म्हणाल्या. मी कुपीत पाणी सोडलं, फिरवलं, नितळ झालं. बायकोने नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये आठ रेघा औषध ओढलं. वर्षाला एक रेघ, असा सईच्या वयाचा हिशेब मॅडमनी फोनवर दिला होता. कातडीखाली टोचलं. सई म्हणाली, “दुखलं नाही,” आणि आजीकडे अविश्वासाने बघत राहिली. अर्ध्या तासात साखर ११८ झाली. दुसरी मात्रा लागली नाही, संध्याकाळी पेज पोटात राहिली.

रात्री मी हिशेब मांडून बघितला. नारिंगी सिरिंजच्या एका रेघेत १० मायक्रोग्रॅम, लालच्या एका रेघेत २५. त्याच आठ रेघा लाल सिरिंजने भरल्या असत्या तर अडीचपट औषध गेलं असतं. त्याने जीव धोक्यात नसता आला, पण आधीच उलट्या होणाऱ्या पोरीला मळमळीचा भडिमार झाला असता. आता लाल पाकीट घरात नाही. पण वाचकहो, हा ‘मिनी डोस’ डॉक्टर फोनवर असतानाच द्यायचा असतो. मी इथे आकडे लिहिले ते तुम्ही कोणाला टोचावेत म्हणून नव्हे, डॉक्टर सिरिंजचा रंग का विचारतात हे कळावं म्हणून.

डबी फ्रिजच्या दारात नाही, आतल्या कप्प्यात असते, २ ते ८ अंशांत. बाहेर २५ अंशांखाली ती दीड वर्ष टिकते असं तिच्या कागदावर लिहिलं आहे, पण पुण्याचा एप्रिल २५ अंश कुठे बघतो?

शाळेचं प्रकरण अजून अर्धवट आहे. दप्तरात ग्लुकोज, बिस्किटं आणि ग्लुकोमीटर ठेवायला शाळेने फार खळखळ केली नाही; २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने टाइप वनच्या मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, मधे खाऊ द्यावं असं राज्यांना कळवलं आहे, त्याची प्रत मी सोबत नेली होती. खात्यात राहून एवढं शिकलो, की तोंडी विनंतीपेक्षा कागद बरा. ग्लुकागॉनचं नाव काढल्यावर मात्र कार्यालयात शांतता पसरली. “इंजेक्शन आम्ही देणार नाही. उद्या काही झालं तर?” मी म्हटलं, काही झालेलंच असेल, म्हणून तर द्यायचं. त्यांची भीती मला कळते. मोसंब्यासमोर माझीही तीच गत होती. पण बेशुद्ध मुलासमोर डबी बंद ठेवून रुग्णवाहिकेची वाट बघणं यात कसली सुरक्षितता, हे मला आजही उमगलेलं नाही. वर्गशिक्षिका बाई मात्र सुटीच्या दिवशी आमच्याकडे आल्या आणि शिकून गेल्या. त्या म्हणाल्या, “वर्गात बेचाळीस पोरं आहेत, आजोबा. एकीसाठी शिकलं की सगळ्यांसाठी शिकलं.”

आमच्या सोसायटीत हल्ली वजन उतरवायच्या इंजेक्शनांची चर्चा जोरात आहे. एक शेजारी मला म्हणाले, “तुमच्या नातीचं ते ग्लुकागॉन आणि आमचं हे जीएलपी एकच ना?” एक नव्हे, पण घराणं एक खरं. एकाच जनुकापासून एक लांब साखळी तयार होते. स्वादुपिंडात ती कापून ग्लुकागॉन होतं, आतड्यात तीच वेगळ्या ठिकाणी कापून जीएलपी-१. पहिलं साखर वाढवतं. दुसरं इन्सुलिन वाढवतं आणि ग्लुकागॉनला आवर घालतं. सेमाग्लुटाइड हे या दुसऱ्याची नक्कल. त्यामुळे शेजाऱ्यांचं पेन सईच्या कामाचं नाही आणि सईची डबी त्यांच्या पोटाच्या घेरावर चालणार नाही. त्यांना हे पटलं की नाही ते माहीत नाही, पण त्यांनीही एका संध्याकाळी येऊन मुदत संपलेल्या डबीवर कुपी फिरवून बघितली.

घरात, शेजारी किंवा वर्गात टाइप वनचं मूल असेल तर त्याच्या आईबापांना विचारा की ग्लुकागॉन घरात आहे का. नसेल तर त्यांनी डॉक्टरांना विचारावं. असेल तर ती डबी कुठे ठेवली आहे आणि ती कशी वापरायची, हे किमान आणखी दोघांनी शिकावं, आणि मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. मुदत संपलेली डबी टाकू नका. सरावाला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही.